जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने मोटारसायकलच्या इंजिनाला खरंच फायदा होतो का?

प्रश्न असा आहे: गाडीच्या पुस्तिकेत 91 ऑक्टेनचं पेट्रोल चालेल असं लिहिलंय. पंपावर 95 मिळतं, काही ठिकाणी त्याहून वरचंही मिळतं. ते भरलं तर पिकअप वाढेल का, मायलेज वाढेल का, इंजिन जास्त टिकेल का?

पुस्तिकेतल्या आकड्याच्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खणखण) न करता चालत असेल, तर तिन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही". नॉकिंग करत असेल तर फरक नक्की पडेल, पण मग ते नॉकिंग कशामुळे होतंय हे आधी शोधायला हवं. बहुतेक वेळा दोष पेट्रोलमध्ये नसून इंजिनात असतो, आणि महागडं पेट्रोल तो फक्त झाकून ठेवतं.

ऑक्टेनचा आकडा एकच गोष्ट सांगतो: दाब आणि उष्णता वाढल्यावर ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटण्याला ते पेट्रोल किती विरोध करतं. त्यात ताकद किती, ते किती शुद्ध, इंजिन किती स्वच्छ ठेवेल, यांतलं काहीही त्या आकड्यात नसतं. मोजपट्टीची दोन टोकं ठरलेली आहेत. आयसो-ऑक्टेनला 100 आणि नॉर्मल हेप्टेनला 0. नमुन्याचं पेट्रोल एका खास एकसिलिंडर इंजिनात चालवतात. त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, चालू असतानाच कमीजास्त करता येतं. मग या दोन द्रवांचं कोणतं मिश्रण तितकंच नॉकिंग करतं ते पाहतात. पेट्रोल 95 आयसो-ऑक्टेन आणि 5 हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन 95.

ही चाचणी दोन प्रकारे होते, आणि लोकांचा गोंधळ इथेच उडतो. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) काढताना इंजिन 600 आरपीएमवर (मिनिटाला 600 फेऱ्या) आणि आत येणारी हवा साधारण 52 अंशांवर असते. एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) काढताना 900 आरपीएम आणि मिश्रण 149 अंशांपर्यंत तापवलेलं असतं. दुसरी परीक्षा कडक, म्हणून तिचा आकडा साधारण 8 ते 10 ने कमी येतो. जगात बऱ्याच देशांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात या दोन्हींची सरासरी लिहितात, तिला एकेआय (अँटी-नॉक इंडेक्स) म्हणतात. त्यामुळे तिकडचं 87 म्हणजे ढोबळमानाने आपल्या ओळखीचं 91 आरओएन, आणि तिकडचं 91 म्हणजे जवळपास 95 आरओएन. परदेशी चर्चेत "या गाडीला 91 लागतं" असं वाचून आपल्याकडचं 91 भरणाऱ्याने आधी तो आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावं. इतक्या साध्या चुकीपायी चांगली इंजिनं कमी ऑक्टेनवर चालवली जातात.

आता नॉकिंग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. प्लगची ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधीच पडते. तिथून ज्योत पसरत जाते. सिलिंडरच्या दूरच्या कडेला जे न जळलेलं मिश्रण उरतं, ते पिस्टन दाबतोच, शिवाय मागून येणाऱ्या ज्योतीमुळे फुगलेला वायूही दाबतो. ते तापत जातं. ज्योत त्याच्यापर्यंत वेळेत पोचली तर सगळं शांतपणे जळतं. नाही पोचली तर तो उरलेला भाग जवळजवळ एका क्षणात पेटतो, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि आपल्याला खणखण, टणटण असा आवाज येतो. ही शर्यत वेळेची आहे. ज्योतीने कड गाठायला लागणारा वेळ एका बाजूला, आणि कडेच्या मिश्रणाचा आपोआप पेटण्यापूर्वीचा धीर दुसऱ्या बाजूला. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त धीर.

वेळ हाताशी किती असतो ते पाहा. क्रँक 50 अंश फिरायला 2000 आरपीएमवर सुमारे 4.2 मिलिसेकंद लागतात, 8000 वर जेमतेम 1 मिलिसेकंद. म्हणून वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढाला पूर्ण रेस पिळली की नॉकिंग सगळ्यात लवकर होतं. तीच गाडी एक गिअर खाली टाकून मोकळी पळवली की आवाज जातो. पेट्रोल तेच असतं, कडेच्या मिश्रणाला तापत बसायला वेळ मिळत नाही इतकंच.

यातूनच एक गैरसमज निघालाय की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं, म्हणून साध्या इंजिनात ते पूर्ण जळत नाही, धूर होतो, प्लग काळा पडतो. तसं नाही. ज्योतीचा वेग आणि आपोआप पेटण्याला होणारा विरोध हे दोन वेगळे गुण आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आरओएन 108 च्या आसपास, आणि त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा हळू तर नाहीच, उलट किंचित वेगवान असते. तेव्हा साध्या गाडीत 95 भरल्याने इंजिनाचं वाईट होतं हेही खोटंच. वाईट काही होत नाही. खिशाला भार पडतो.

मग ताकद येते कुठून? एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि ती 91 मध्ये जेवढी तेवढीच जवळपास 95 मध्ये. ऑक्टेन वाढवायला इथेनॉल घातलं असेल तर लिटरमागची ऊर्जा उलट कमी होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे साधारण 21 मेगाज्यूलच असतात, त्यामुळे 10 टक्के मिश्रणात 3 टक्क्यांच्या आसपास आणि 20 टक्के मिश्रणात 6 ते 7 टक्के घट होते. म्हणजे ऑक्टेन वर गेला आणि मायलेज खाली आलं, असं होऊ शकतं, आणि त्यात विसंगती काही नाही.

जास्त ऑक्टेनचा उपयोग इंजिन बनवणाऱ्याला होतो. त्याला कॉम्प्रेशन वाढवता येतं. कागदावरच्या आदर्श गणितात 9:1 चं 11:1 केलं तर कार्यक्षमता 58.5 टक्क्यांवरून 61.7 वर जाते. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे याच्या पुष्कळ खाली असतात, पण वाढ त्याच दिशेची. किंवा त्याला ठिणगी आणखी आधी टाकता येते. पण हे फायदे कारखान्यात इंजिनात घातले जातात, टाकीत ओतता येत नाहीत. तुमच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 9.5 असेल तर पेट्रोल बदलून ते 11 होणार नाही.

उरलं टायमिंग, म्हणजे ठिणगी टाकायची वेळ. प्रत्येक आरपीएम आणि भाराला ठिणगीची एक वेळ अशी असते की तिथे सर्वांत जास्त टॉर्क (इंजिनाचा पिळ, फिरवण्याचा जोर) मिळतो. तेव्हा सिलिंडरमधला सर्वोच्च दाब पिस्टन वरच्या टोकाहून साधारण 12 ते 16 अंश पुढे गेल्यावर येतो. साध्या पेट्रोलवर नॉकिंग न होता इंजिन त्या जागी पोचत असेल, तर ठिणगी आणखी आधी टाकून टॉर्क कमीच होतो. कमी कॉम्प्रेशनच्या, छोट्या बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनांची हीच स्थिती असते. त्यांना जास्त धीराच्या पेट्रोलची गरजच नसते.

आणि समजा जागा शिल्लक आहे, तरी टायमिंग बदलणार कोण? बहुतेक छोट्यामोठ्या मोटारसायकलींवर नॉक सेन्सर नसतो. सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असो की ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक), आरपीएम आणि थ्रॉटल किंवा मॅनिफोल्डचा (इनटेकच्या नळीतला) दाब पाहून तो ठरलेल्या तक्त्यातून टायमिंग उचलतो. पेट्रोल 91 आहे की 98 हे त्याला कळायचा मार्गच नाही. "दोन टाक्या भरल्या की ईसीयू शिकतो" हे खूप ऐकायला मिळतं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण पाहतो, त्यावरून ईसीयू इंजेक्शनची दुरुस्ती शिकतो. ऑक्टेन त्याला दिसत नाही.

बीएमडब्ल्यूच्या मोठ्या बॉक्सर इंजिनांवर नॉक सेन्सर असतो. हार्ली-डेव्हिडसनच्या बऱ्याच ट्विन कॅम इंजिनांत स्पार्क प्लगमधूनच विद्युतप्रवाह मोजून नॉकिंग ओळखलं जातं. अशा गाड्यांत कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की ईसीयू ठिणगी मागे घेतो, ताकद थोडी कमी होते, सायलेन्सर जास्त तापतो. योग्य ऑक्टेन भरलं की हरवलेलं परत मिळतं. पण तेही तक्त्यात जेवढं कमाल लिहिलंय तिथपर्यंतच. पुस्तिका 95 म्हणत असताना 100 भरलं तर तक्ता त्यापुढे जात नाही.

कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून ऑक्टेन ठरवायची सवयही सोडायला हवी. "10 च्या वर असेल तर 95 लागतंच" असा ठोकताळा चालतो, तो अर्धवट आहे. बोअर लहान असेल तर ज्योतीला कमी अंतर कापायचं असतं, चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मधोमध असला तर आणखी कमी, पाण्याने थंड होणारं हेड असेल तर कडेचं मिश्रणही कमी तापतं. यामाहाच्या 155 सीसीच्या आर15 चं कॉम्प्रेशन 11.6:1 आहे, पण बोअर फक्त 58 मिमी, पाण्याचं कूलिंग आणि इंजिन वरच्या आरपीएमवर पळणारं. उलट हवेवर थंड होणाऱ्या, मोठ्या बोअरच्या, दोन व्हॉल्व्हच्या एखाद्या जुन्या इंजिनाला 9 च्या कॉम्प्रेशनलाही उन्हात, चढावर, मागे माणूस बसला की घाम फुटतो. कावासाकीच्या निन्जा एच2 चं कॉम्प्रेशन 8.5:1 इतकंच आहे, पण सुपरचार्जर हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे ते इंजिन कमी ऑक्टेनवर भागवणारं नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहावा, स्वतः अंदाज बांधू नये. "किमान" आणि "शिफारस" हे दोन शब्दही वेगळे वाचावेत. किमान 91 आणि शिफारस 95 असेल, तर 91 वर इंजिन तुटणार नाही, पण पूर्ण भाराखाली 95 चा फायदा मिळू शकेल.

आता ज्यांना खरोखर जास्त ऑक्टेन लागतं त्यांच्याविषयी. हेड घासून घेतलंय, पातळ गॅस्केट बसवलंय, उंच डोक्याचा पिस्टन टाकलाय, किंवा जास्त ॲडव्हान्सचा (ठिणगी आणखी आधी टाकणारा) सीडीआय लावलाय, अशांनी पुस्तिका विसरावी. उदाहरण घेऊ. बोअर 57 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 58.8 मिमी, म्हणजे 150 सीसी, आणि मूळ कॉम्प्रेशन 9.5. पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर उरणाऱ्या जागेचं आकारमान 150 भागिले 8.5 (9.5 वजा 1), म्हणजे 17.65 सीसी. हेड अर्धा मिलिमीटर घासलं आणि खड्डा पूर्ण बोअरएवढा रुंद धरला, तर 1.28 सीसी कमी झाले. उरले 16.37, आणि कॉम्प्रेशन झालं 10.16. आकडा फार मोठा दिसत नाही, पण जे इंजिन आधीच नॉकिंगच्या उंबरठ्यावर होतं ते यात पलीकडे जातं.

हेच गणित कार्बनला लावा. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये मिळून 1 सीसी कार्बन साठला तर याच इंजिनाचं कॉम्प्रेशन 10 होतं, हेडला कोणी हात न लावता. शिवाय कार्बन उष्णता धरून ठेवतो, म्हणजे आत येणारं मिश्रणही जास्त तापतं. रिंगा झिजलेल्या किंवा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेल्या गाडीत वर चढणारं तेल तर दुहेरी नुकसान करतं. त्याचा कार्बन होतो, आणि जळणात मिसळलेलं तेल मिश्रणाचा ऑक्टेनच उतरवतं. नवी असताना साध्या पेट्रोलवर गप्प चालणारी गाडी काही वर्षांनी चढावर खणखणू लागते, त्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तिथे 95 भरून आवाज गेला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही.

आवाज ओळखायचा कसा हे जरा सावकाश सांगतो, कारण टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांच्या) आवाजाला नॉकिंग समजून पेट्रोल बदलणारे पुष्कळ आहेत. टॅपेटची टिकटिक एकसारख्या लयीत असते, आरपीएमबरोबर वाढते, आणि गाडी स्टँडवर असतानाही ऐकू येते. टायमिंग चेन सैल असेल तर घरघर बहुधा आयडलिंगला किंवा रेस सोडताना येते. नॉकिंग भाराशिवाय येत नाही. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, सपाट किंवा किंचित चढाचा मोकळा रस्ता घ्या, वरून दुसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम कमी असताना रेस झटक्यात पूर्ण उघडा. डबीत बारीक खडे हलवल्यासारखा अनियमित, धातूचा आवाज आला, आणि रेस पाव भाग मागे घेताच तो जागच्या जागी थांबला, तर ते नॉकिंग. लहान बोअरच्या इंजिनात हा आवाज अधिक बारीक असतो. 90 मिमी बोअरला तो 6 किलोहर्ट्झच्या आसपास, 50 मिमीला 11 च्या आसपास. हेल्मेट आणि वाऱ्यात तो सहज हरवतो, म्हणून भिंतीच्या किंवा कठड्याच्या कडेने जाताना ऐकलं तर परतून येणारा आवाज लवकर सापडतो.

तरीही खात्री होत नसेल तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तपासणीचं साधन म्हणून वापरावं. माझ्या मते साध्या गाडीत त्याचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे. टाकी रिझर्व्हला येऊ द्या. मिश्रणाचा ऑक्टेन जवळपास सरळ सरासरीने येतो: टाकीत 91 चे 3 लिटर असताना 95 चे 9 लिटर भरले तर 94 मिळतं. अर्ध्या टाकीवर अर्धी भरून निष्कर्ष काढू नका. कार्बोरेटरच्या वाटीतलं आणि नळीतलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत काही किलोमीटर चालवा, मग त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तशाच उन्हात तीच चाचणी करा. आवाज गेला तर नॉकिंगच होतं. तसाच राहिला तर टॅपेट, चेन, पिस्टन पिन अशी दुसरी कारणं बघा.

नॉकिंग ठरलं की कारण शोधायला सोप्यापासून सुरुवात करावी. आधी प्लग. नंबर पुस्तिकेतलाच आहे का पाहा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, 9 हा 8 पेक्षा थंड. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीला लावल्याने चुकीचा गरम प्लग बसलेला खूपदा सापडतो. मग मिश्रण. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावून जेट किंवा मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) तसाच ठेवला असेल तर मिश्रण पातळ झालंय, आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. इनटेकच्या रबराला तडा गेला असेल तरी हेच होतं. गाडी आयडलिंगला ठेवून रबराच्या जोडावर थोडं पाणी फवारा. आरपीएम बदलला तर तिथून हवा शिरतेय. कार्बोरेटरचा अर्धा बुजलेला मेन जेट आणि इंजेक्शनच्या गाडीत कमी दाब देणारा पेट्रोलपंप यांचा परिणामही तोच. त्यानंतर टायमिंग लाइटने खुणा तपासा, विशेषतः पिकअप कॉइल किंवा मॅग्नेट उघडला गेला असेल तर. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरवरच्या पात्यांमधला (फिन्समधला) चिखल, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंटची पातळी आणि रेडिएटरचा पंखा. हे सगळं बरोबर असेल तर शेवटी हेड उतरवून कार्बन.

कार्बन काढताना पिस्टन वरच्या टोकाला आणा, कडेच्या फटीत ग्रीस भरा, कार्बन मऊ करणारा द्रव लावून ठेवा आणि लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर पडलेले ओरखडे पुढे गरम ठिपके होऊ शकतात, आणि पॉलिश पेपरची भुकटी रिंगांत गेली की सिलिंडर खाते. ग्रीस पुसताना कचरा त्याच्याबरोबर निघतो. गॅस्केट नवीनच टाका आणि नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, दिलेल्या टॉर्कला आवळा.

नॉकिंग दुर्लक्षित ठेवलं तर काय होतं ते प्लगवर आधी दिसतं. पूर्ण भाराने थोडं अंतर चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, गाडी सुरक्षित जागी थांबवा, निवल्यावर प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर पिस्टनचं डोकं झिजायला लागलंय. पुढची पायरी म्हणजे पिस्टनच्या कडेला वाळवी लागल्यासारखे खड्डे, रिंगांमधली धार तुटणं, हेड गॅस्केट जाणं. कमी आरपीएमवर अधूनमधून एखाद-दुसरी टिक आली तर घाबरायचं कारण नाही. सलग भाराखाली, वेगात होणारं नॉकिंग मात्र चालू ठेवू नये. वेगात ते ऐकूही येत नाही.

याच्याशी सख्खं नातं सांगणारी पण वेगळी गोष्ट म्हणजे प्री-इग्निशन: ठिणगीच्या आधीच एखाद्या लाल तापलेल्या जागेवरून मिश्रण पेटणं. ती जागा म्हणजे जास्त गरम प्लग, निखाऱ्यासारखा कार्बन किंवा व्हॉल्व्हची पातळ झालेली कड. पिस्टनला मधोमध वितळून भोक पडतं ते बहुतेक यामुळे. इथे जास्त ऑक्टेनवर विसंबू नये, तापलेली जागाच काढावी लागते.

मायलेज वाढल्याचं सांगणाऱ्यांना माझी एकच विनंती असते की मोजणी कशी केली ते सांगा. 10 लिटरच्या भरण्यात गाडी थोडी तिरकी राहून 200 मिलिलिटर कमी बसले तरी 2 टक्क्यांचा फरक दिसतो. चेनला तेल घातलं, टायरची हवा भरली, नवीन पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून हात जरा हलका ठेवला, की त्याहून मोठा फरक पडतो. खरं पाहायचं असेल तर गाडी मेन स्टँडवर सरळ ठेवून त्याच खुणेपर्यंत भरा, टायरची हवा दर वेळी थंड असताना सारखी करा, आणि एक टाकी हे तर एक टाकी ते, असं आलटून पालटून प्रत्येकी किमान तीन टाक्या मोजा. नॉकिंग नसलेल्या गाडीत दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसतील.

"प्रीमियम" या नावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक ऑक्टेन, दुसरी स्वच्छता ठेवणारी रसायनं. काही प्रीमियम पेट्रोलचा ऑक्टेन साधाच असतो, फक्त रसायनं जास्त असतात. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हच्या मागची बाजू स्वच्छ ठेवायला ती खरोखर उपयोगी आहेत, विशेषतः थोडं थोडं अंतर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत. त्यासाठी अधूनमधून टाकी भरणं मला पटतं. पण तो ऑक्टेनचा गुण नव्हे. पंपावर नाव वाचण्यापेक्षा आकडा वाचावा.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर "30 पॉइंट" असं लिहिलेलं असतं, तिथे एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणजे 91 चं फार तर 94. त्यांतल्या काहींत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, ती प्लगवर तांबूस थर बसवतात आणि ठिणगी गळू लागते. डांबरगोळ्या, कापूर, थिनर घालण्याचे सल्ले कृपया पाळू नका. पेट्रोल उडून गेल्यावर डांबरगोळीतलं नॅप्थलीन जेटमध्ये आणि वाटीत स्फटिक होऊन बसतं. विमानाचं 100एलएल पेट्रोलही नको. त्यात शिसं असतं, आणि ते ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही निकामी करतं.

महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, गाडी नीट सुरू होत नाही आणि डिंक साचतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. अशा टाकीत वरून 95 ओतून उपयोग नाही. टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. भेसळीचं पेट्रोलही तसंच. रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी असतो की थोडीशी भेसळही चांगल्या इंजिनाला खणखणायला लावते. नेहमी गप्प असणारी गाडी एका भरण्यानंतर लगेच नॉकिंग करू लागली, तर पहिला संशय त्याच भरण्यावर घ्यावा.

राहिला उलटा प्रसंग: पुस्तिका 95 मागते आणि दूरच्या रस्त्यावर 91 च मिळतंय. जवळचा पंप गाठण्यापुरतंच भरा, म्हणजे पुढे 95 मिळाल्यावर मिसळायला टाकीत जागा राहील. रेस अर्ध्याच्या आसपास ठेवा, वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढवू नका, चढाला आधीच एक-दोन गिअर खाली टाका आणि आरपीएम मोकळा राहू द्या. रस्ता उंच डोंगरात असेल तर हवा विरळ असल्याने सिलिंडरमधला दाब कमी असतो. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच उरतो, त्यामुळे तिथे कमी ऑक्टेन इंजिनाला सोसतं. काळजी घ्यायची ती उतरून खाली आल्यावर. टाकीत तेच पेट्रोल असतं, हवा पुन्हा दाट झालेली असते आणि इंजिन पुन्हा पूर्ण दाब मागू लागतं. पहिला 95 चा पंप दिसला की टाकी भरून घ्या आणि तोवर रेस जपून पिळा.